माशाच्या पोटातली हवा ऐकणारं यंत्र

गोव्यात मासेमारीवरची बंदी ३१ जुलैला संपते आणि ऑगस्ट उजाडला की मालीम, शापोरा, कुटबण, वास्कोचा खारीवाडा इथून बोटी पुन्हा समुद्राला लागतात. बर्फ, डिझेल, जाळी, खलाशांचा शिधा सगळं बोटीवर चढतं आणि तांडेल सुकाणूशेजारच्या छोट्या पडद्याचं बटण दाबतो. निळ्या पाण्यात लाल-पिवळे डाग, काही कमानी आणि खाली एक जाड पट्टा उमटायला लागतो. हा फिश फाइंडर. आता तो मोठ्या ट्रॉलरपुरता राहिलेला नाही, आउटबोर्ड इंजिन लावलेल्या फायबरच्या होडीवरही दिसतो.

मी बार्देशात भौतिकशास्त्र शिकवतो. वर्गात मासेमारी करणाऱ्या घरांतली मुलं असतात आणि त्यांचा प्रश्न बहुतेक हाच असतो: पडद्यावर मासळी दिसते, मग जाळ्यात का येत नाही? आणि कधी पडदा कोरा असताना जाळं भरून कसं येतं? प्रश्न अगदी रास्त आहे. फिश फाइंडरमध्ये कॅमेरा नसतो. तो पाण्यात आवाज सोडतो, परत आलेला आवाज ऐकतो आणि मधला वेळ मोजतो. माशाकडून त्याला जे ऐकू येतं, तेही बरंचसं माशाच्या पोटातल्या हवेमुळे. हे एकदा नीट समजलं की पडद्यावरची पुष्कळ कोडी सुटतात.

आवाजच का?

पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी पाण्यात हात घातला तर कोपरापर्यंतसुद्धा दिसत नाही. स्वच्छ समुद्रातही उजेड काही दहा-वीस मीटर गेला की मंदावत जातो. रेडिओलहरींची अवस्था त्याहून वाईट, कारण खारं पाणी विजेचं चांगलं वाहक असल्याने त्या पृष्ठभागालगतच विरून जातात. म्हणून जीपीएस होडीवर चालतो आणि पाण्याखाली चालत नाही. आवाजाला मात्र पाणी मानवतं. हवेत तो सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, समुद्रात साधारण १५०० मीटर, म्हणजे चौपटीहून जास्त वेगाने.

हा वेग पहिल्यांदा नीट मोजला गेला १८२६ मध्ये, स्वित्झर्लंडच्या जिनिव्हा सरोवरात. कोलाडॉन आणि स्टर्म या दोघांनी दोन नावा काही कोस अंतरावर उभ्या केल्या. एकीवरून पाण्यात सोडलेल्या घंटेवर ठोका पडला की त्याच क्षणी बंदुकीच्या दारूचा भडका उडे. दुसऱ्या नावेवरचा माणूस भडका दिसल्यापासून पाण्यातून घंटा ऐकू येईपर्यंतचा वेळ मोजत असे. आठ अंश सेल्सिअसच्या त्या थंड पाण्यात वेग आला सेकंदाला १४३५ मीटर. हाताशी साधनं किती थोडी होती हे पाहिलं तर हा आकडा थक्क करतो, कारण आजच्या मोजमापाशी तो जवळजवळ जुळतो.

पाणी जितकं गरम आणि जितकं खारट, तितका वेग वाढतो. आपल्याकडचा समुद्र कोमट आणि खारट, त्यामुळे पृष्ठभागाजवळ आवाज सेकंदाला साधारण १५४० मीटर जातो. यंत्र १५०० धरून हिशेब करत असेल तर खरी ३० मीटर खोली ते २९.२ मीटर दाखवेल. चूक लहान आहे आणि सुरक्षित बाजूची आहे, कारण खरं पाणी दाखवल्यापेक्षा जास्तच असतं. अनेक यंत्रांत हा वेग किंवा पाण्याचा प्रकार, गोडं की खारं, निवडता येतो. नदीतून समुद्रात जाताना तो बदलण्याची सहसा गरज पडत नाही, पण आकड्यात थोडा फरक का पडला हे माहीत असावं.

एका ठोक्याचा प्रवास

होडीच्या तळाला किंवा मागच्या फळीला बसवलेला जो गोळा किंवा चपटा डबा असतो, तो ट्रान्सड्यूसर. त्याच्या आत एका खास सिरॅमिकची चकती असते. तिला वीज दिली की ती अगदी किंचित फुगते आणि आकसते. उलट तिच्यावर दाब पडला की तिच्यातून वीज निघते. स्फटिकांचा हा दाबावरून वीज देण्याचा गुण पिएर क्युरी आणि त्यांचे भाऊ जाक यांनी १८८० मध्ये शोधला. पहिल्या महायुद्धात जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवायला सुरुवात केली तेव्हा पॉल लान्जव्हॅं या फ्रेंच शास्त्रज्ञाने क्वार्ट्झच्या चकत्या पोलादात बसवून पाण्यात आवाज पाठवणारं आणि तोच परत ऐकणारं साधन बनवलं. तिथून ते मासेमारीत सर्रास यायला आणखी एक युद्ध जावं लागलं. जपानमधल्या नागासाकीत फुरुनो बंधूंनी १९४८ मध्ये खास मासळी शोधण्यासाठीचं यंत्र बाजारात आणलं.

म्हणजे होडीखालची ती एकच चकती बोलतेही आणि ऐकतेही. यंत्र तिला विजेचा एक छोटा झटका देतं, सेकंदाच्या साधारण हजाराव्या भागाचा किंवा त्याहूनही कमी वेळाचा. तेवढ्या वेळात ती थरथरते आणि आवाजाची एक तुकडी खाली सुटते. मग ती गप्प होते आणि कान देऊन बसते. तळ ३० मीटरवर असेल तर आवाजाला जाऊन-येऊन ६० मीटर कापायचे असतात आणि त्याला सेकंदाचा साधारण पंचविसावा भाग लागतो. यंत्र वेळ मोजतं, वेगाने गुणतं, दोनाने भागतं. खोलीचं सगळं गणित एवढंच. परतीचा आवाज येईपर्यंत पुढचा ठोका टाकता येत नाही, म्हणून उथळ पाण्यात ठोके भराभर पडतात आणि खोलात सावकाश. ७५० मीटर खोलीवर सेकंदाला एकच.

हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही. माणसाचा कान सेकंदाला २० हजार कंपनांपर्यंत पोचतो आणि फिश फाइंडर सर्वसाधारणपणे ५० हजार किंवा २ लाख कंपनांवर, म्हणजे ५० किंवा २०० किलोहर्ट्झवर चालतो. बहुतेक माशांनाही तो ऐकू येत नाही. डॉल्फिनला मात्र साधारण दीड लाख कंपनांपर्यंत ऐकू येतं, तेव्हा ५० किलोहर्ट्झचा ठोका त्यांच्या कानात पडतोच. आपल्या किनाऱ्यालगत, आग्वादच्या आसपास, कुबड असलेले डॉल्फिन वर्षभर फिरतात आणि तेही अन्न शोधायला ध्वनीच वापरतात. म्हणून नांगर टाकून बसलेल्या होडीवर यंत्राची गरज नसेल तेव्हा ते बंद ठेवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यात कुणाचं काही जात नाही.

आवाज परततो कशावरून?

सगळ्या विषयाचा गाभा इथे आहे, म्हणून इथे जरा थांबू.

एका पदार्थातून दुसऱ्या पदार्थात शिरताना आवाजाचा काही भाग पुढे जातो आणि काही मागे फिरतो. किती मागे फिरेल हे दोन्ही पदार्थांच्या घनतेतल्या आणि त्यांतल्या आवाजाच्या वेगातल्या फरकावर ठरतं. घनता आणि वेग यांचा गुणाकार दोन्हीकडे जवळपास सारखा असेल तर आवाज सीमा ओलांडून सरळ निघून जातो. पाणी आणि माशाचं मांस यांच्यात हा फरक फार थोडा असतो, कारण मांस मुख्यतः पाणीच. पाणी आणि हवा यांच्यात मात्र तो सुमारे ३६०० पट आहे. त्यामुळे पाण्यातून हवेच्या सीमेवर आदळलेल्या आवाजापैकी ९९.९ टक्के ऊर्जा मागे फिरते. ध्वनीच्या दृष्टीने पाण्यातला हवेचा बुडबुडा म्हणजे लख्ख आरसाच.

बऱ्याच माशांच्या पोटात हवेची पिशवी असते. मासा तिच्या आधारे पाण्यात विनासायास तरंगून राहतो. घोळ माशाची हीच पिशवी वाळवून ‘बोत’ म्हणून मोठ्या किमतीला विकली जाते, हे मासळीच्या व्यवहारातल्या माणसाला सांगायला नको. अशी पिशवी असलेल्या माशाकडून येणाऱ्या प्रतिध्वनीचा बहुतांश भाग एकट्या त्या पिशवीचा असतो. मांस, काटे, खवले मिळून उरलेला थोडासा.

आता आपल्या ताटातली मासळी या नजरेने पाहा. दोडयारे, घोळ यांच्या कुळात पिशवी मोठी असते. हे मासे तिच्यावर स्नायूंचे ठोके मारून आवाजही काढतात. पडद्यावर ते ठसठशीत उमटतात. शिंगाळ्याला, तारल्याला पिशवी असते. इसवणाला, म्हणजे सुरमईला, ती नसते. मोरी (मुशी), वागळी (पाकट) यांच्या कुळात ती कुणालाच नसते. पूर्ण वाढलेल्या लेपालाही नसते. माणकी (म्हाकूळ) आणि सुंगटां (कोळंबी) तर मासेच नव्हेत, त्यांच्यात हवेचा प्रश्नच नाही. म्हणून चांगली हातभर इसवण होडीखालून गेली तरी पडद्यावर फिकट रेघ उमटू शकते, आणि तिच्याहून कितीतरी लहान दोडयारा लालभडक कमान काढू शकतो. मोठी खूण म्हणजे मोठा मासा हा समज इथेच मोडतो. सुंगटांसाठी जाळं ओढणारा तांडेल पडद्यावर सुंगटं शोधत बसत नाही, तळ चिखलाचा आहे का ते बघतो. त्याचं बरोबर असतं.

यात आणखी एक बारकावा आहे. तारल्याच्या कुळातल्या माशांची पिशवी अन्नमार्गाला जोडलेली असते. ते पृष्ठभागावर येऊन हवा गिळतात आणि तीच घेऊन खाली जातात. दहा मीटर खोल गेलं की दाब दुप्पट होतो आणि हवेचं आकारमान निम्म्यावर येतं. म्हणजे तोच थवा वर असताना जोरकस दिसतो आणि खाली गेला की मंद. मासळी कमी झालेली नसते, तिच्या पोटातली हवा दबलेली असते. दोडयाऱ्यासारख्या माशाची पिशवी मात्र बंद असते आणि तो रक्तातला वायू तिच्यात भरून आकार सांभाळतो. तो वायू झटपट काढता येत नाही, म्हणून खोलातून भरकन वर ओढलेल्या अशा माशाचं पोट फुगतं आणि जठर तोंडातून बाहेर येतं. गळाने मासेमारी करणाऱ्यांनी हे अनेकदा पाहिलेलं असतं.

माशाची पाण्यातली बैठकही महत्त्वाची. आडवा पोहणारा मासा वरून येणाऱ्या आवाजासमोर पिशवीची लांब बाजू धरतो. डोकं खाली करून बुडी मारणारा तिचं टोक. तोच मासा क्षणात कितीतरी मंद होतो. होडीच्या आवाजाने थवा बुजून खाली सूर मारतो, तेव्हा पडद्यावर तो विरळ झाल्यासारखा दिसण्याचं एक कारण हे.

या सगळ्यामुळे पडद्यावर माशांची चित्रं काढून दाखवणारी जी सोय असते, ती मी बंद ठेवायला सांगतो. यंत्राने प्रतिध्वनीवरून केलेला तो अंदाज असतो. दाट शेवाळ, बुडबुड्यांची रांग, थव्याचा एक कोपरा, कशालाही ते माशाचं चित्र लावतं. कच्चा पडदा वाचायला वेळ लागतो, पण त्यात ऐकलेलं सगळं असतं.

शंकू रुंद की अरुंद

ट्रान्सड्यूसरमधून आवाज शंकूच्या आकारात खाली पसरतो. २०० किलोहर्ट्झवर शंकू अरुंद असतो, अनेक यंत्रांत साधारण २० अंशांचा, आणि ५० किलोहर्ट्झवर रुंद, साधारण ४५ अंशांचा. ३० मीटर खोलीवर पहिल्याचा तळावरचा घेर सुमारे साडेदहा मीटर रुंद, दुसऱ्याचा २५ मीटर. दहा मीटर पाण्यात पहिला जेमतेम साडेतीन मीटर. म्हणजे किनाऱ्यालगत उथळ पाण्यात यंत्राला होडीखालचा एक लहानसा तुकडाच ऐकू येतो. बाजूने जाणाऱ्या थव्याचा त्याला पत्ताही लागत नाही. पडदा कोरा असताना जाळं भरतं ते पुष्कळदा यामुळे.

मग रुंद शंकूच का घेऊ नये? कारण त्याची किंमत तपशिलात मोजावी लागते. ५० किलोहर्ट्झच्या लहरीची लांबी पाण्यात ३ सेंटिमीटर असते, २०० किलोहर्ट्झची साडेसात मिलिमीटर. लहर लांब असली की बारीक वस्तू तिला नीट उमगत नाही. उलट उंच कंपनाचा आवाज समुद्राचं पाणी फार लवकर शोषून घेतं, म्हणून २०० किलोहर्ट्झ उथळ पाण्याला उत्तम आणि शंभर-दीडशे मीटरनंतर त्याचा जीव कमी होत जातो. ५० किलोहर्ट्झ कित्येकशे मीटर जातो. आपल्या रोजच्या मासेमारीचं पाणी बहुतांशी शंभर मीटरच्या आतलं, तेव्हा २०० पुरतं. दोन्ही एकत्र चालवणारी यंत्रं पडदा विभागून दोन चित्रं देतात. ५० वर दिसलेला मासा २०० वर नसेल, तर तो होडीच्या सरळ खाली नसून बाजूला आहे असा बऱ्यापैकी खात्रीचा अंदाज करता येतो.

शोषणापेक्षाही मोठी गळती पसरण्यातून होते. आवाज खाली जाताना पसरतो आणि माशावरून उलटलेला आवाज वर येताना पुन्हा पसरतो. त्यामुळे एकटा मासा दुप्पट खोल गेला की त्याचा प्रतिध्वनी सोळाव्या भागावर येतो. यंत्र हे जाणून उशिरा आलेल्या आवाजाला जास्त मोठा करून दाखवतं, नाहीतर खोलातलं काहीच दिसलं नसतं.

पडदा वाचणं

सगळ्यात जास्त घोटाळा इथे होतो. पडदा म्हणजे समुद्राचं छायाचित्र असं वाटतं आणि डावीकडचा मासा होडीच्या डावीकडे आहे, असं नवखा माणूस धरून चालतो. खरं म्हणजे पडद्याची फक्त उजवीकडची शेवटची उभी रेघ ‘आत्ता’ची असते. प्रत्येक ठोक्याची एक रेघ उजवीकडे उमटते आणि आधीच्या सगळ्या डावीकडे सरकतात. रुग्णाच्या छातीजवळून निघणारी ईसीजीची पट्टी आणि हा पडदा एकाच जातीचे: आडवं अंतर हा वेळ असतो. पडद्याच्या मध्यावर दिसणारा थवा होडीखालून केव्हाच मागे गेलेला असतो. तो गाठायचा तर होडी वळवावी लागते. म्हणून फिश फाइंडरबरोबर जीपीएसवर जागेची खूण टाकण्याची सवय उपयोगी पडते.

आता कमान. मासा शंकूच्या कडेला येतो तेव्हा तो ट्रान्सड्यूसरपासून तिरक्या अंतरावर असतो, बरोबर खाली आला की सगळ्यात जवळ, आणि पलीकडच्या कडेला पुन्हा दूर. यंत्राला फक्त अंतर कळतं, दिशा कळत नाही, आणि ते प्रत्येक अंतर सरळ खाली मांडतं. म्हणून कडा खाली, मध्य वर, अशी कमान होते. २० मीटर खोल पोहणारा मासा ४५ अंशांच्या शंकूच्या कडेवर असताना सुमारे २१.६ मीटरवर उमटतो. २० अंशांच्या शंकूत तो जेमतेम २०.३ मीटरवर. म्हणून रुंद शंकूत कमानी उंच दिसतात आणि अरुंद शंकूत जवळजवळ आडव्या रेघा. मासा शंकूची कड चाटून गेला तर अर्धीच कमान. होडी आणि मासा दोघेही स्थिर असले तर लांबच लांब सरळ रेघ, आणि ती बघून माणसाला वाटतं खाली केवढं तरी धूड आहे. लांबी फक्त एवढंच सांगते की तो किती वेळ खाली होता. जाडी आणि रंग जास्त कामाचे. बहुतेक यंत्रांत लाल म्हणजे जोरदार प्रतिध्वनी, मग पिवळा, हिरवा, आणि निळा सर्वांत मंद.

तळाची भाषा

फिश फाइंडर येण्याआधी दोरीला शिशाचं वजन बांधून पाणी मोजत. त्या वजनाच्या तळाच्या खळग्यात चरबी भरत. वर आल्यावर तिला चिकटलेली वाळू, चिखल किंवा शिंपल्यांचा चुरा पाहून तळ कसा आहे ते कळे. फिश फाइंडरही ही दोन्ही कामं करतो, आणि माझ्या मते मासळीपेक्षा तळाविषयीचं त्याचं म्हणणं जास्त भरवशाचं असतं.

खडक आवाज जोराने परतवतो. तळाचा पट्टा लाल होतो, आणि पुष्कळदा बरोबर दुप्पट खोलीवर दुसरा, फिकट तळ दिसतो. आवाज तळावरून वर येतो, पृष्ठभागावर, म्हणजे पुन्हा हवेच्या सीमेवर, आपटून परत खाली जातो आणि दुसऱ्यांदा वर येतो, त्याची ती खूण. चिखलात आवाज मुरतो, दुसरा तळ सहसा दिसत नाही आणि पहिलाही मऊ, फिकट असतो. वाळू मधली. ग्रांद बेटाच्या आजूबाजूला खडक आणि जहाजांचे अवशेष आहेत, तिथे पट्टा एकदम उसळतो. नद्यांच्या मुखाबाहेरच्या गाळावर तो शांत, सपाट असतो. जाळं ओढणाऱ्याला हा फरक वेळेत कळला तर हजारोंची जाळी फाटण्यापासून वाचतात. आग्वादजवळचा वाळूचा बांध पावसाळ्यात मांडवीचा मार्ग धोक्याचा करतो. असा बांध जिथे सरकतो, तिथे नकाशावरच्या आकड्यापेक्षा होडीखाली आत्ता किती पाणी आहे हे माहीत असणं मोलाचं.

तळाला बिलगलेला मासा मात्र यंत्राच्या हातून निसटतो. एक कारण ठोक्याची लांबी. ठोका सेकंदाच्या एक हजारांश भागाइतका असेल तर पाऊण मीटरच्या आतल्या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून दिसतात. दहा-हजारांश असेल तर साडेसात सेंटिमीटरपर्यंत वेगळ्या दिसतात. दुसरं कारण शंकू. सपाट तळावर आवाज सगळ्यात आधी बरोबर खालच्या बिंदूवरून परततो. कडेला तळाजवळ असलेला मासा त्याहून दूर असतो, म्हणून त्याचा आवाज तळाच्या आवाजाखाली गाडला जातो. ३० मीटर पाण्यात, ४५ अंशांच्या शंकूच्या कडेला, तळापासून सुमारे सव्वादोन मीटरपर्यंतचा मासा असा हरवतो. खडबडीत जागेत तर खडकाचं वरचं टोक तळ म्हणून नोंदवलं जातं आणि घळीतली मासळी पूर्ण झाकली जाते, तीही नेमकी जिथे तिला बसायला आवडतं तिथे. इथे अरुंद शंकू आणि छोटा ठोका निवडणं हाच उपाय.

मधले थर

पाण्याच्या मध्यावर कधी धुक्यासारखा आडवा पट्टा दिसतो. वरचं गरम आणि खालचं थंड पाणी जिथे भेटतं तिथे सूक्ष्म जीव जमतात आणि त्यांचा तो मिळून आलेला आवाज असतो. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या काही महिन्यांत आपल्या किनाऱ्यावर खोलातलं थंड, प्राणवायू कमी असलेलं पाणी वर चढतं. दोनापावलच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने यावर वर्षानुवर्षं काम केलं आहे. अशा पाण्यात मासळी थांबत नाही, वर किंवा बाजूला सरकते. सप्टेंबरात थराखालचा अर्धा पडदा रिकामा दिसला तर यंत्र बिघडलं असं लगेच समजू नये.

भर अरबी समुद्रात यापेक्षा विलक्षण गोष्ट दिसते. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सोनारवर, म्हणजे आवाजाने पाण्यातल्या वस्तू शोधणाऱ्या जहाजावरच्या यंत्रावर, काम करणाऱ्यांना खोल समुद्रात काही शे मीटरवर ‘तळ’ सापडू लागला, तोही रात्री वर येणारा आणि सकाळी खाली जाणारा. तो तळ नव्हता, जीवांचा प्रचंड थर होता. अरबी समुद्रात त्यात मिक्टोफिड कुळातले, अंगावर प्रकाशाचे ठिपके असलेले बोटभर मासे फार मोठ्या संख्येने असतात. दिवसा ते अंधारात लपतात, रात्री खाण्यासाठी वर येतात. इतक्या लहान माशांनी जहाजाला तळाचा भास द्यावा, हे पुन्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या पोटातल्या इवल्याशा हवेमुळेच.

हवाच आडवी येते

जी हवा मासा दाखवते, तीच यंत्राला आंधळंही करते. ट्रान्सड्यूसरसमोर बुडबुडे आले की आवाज तिथूनच परततो आणि पडदा पुसला जातो. होडी वेगात गेली की चित्र तुटतं, ते बहुतेक वेळा याचमुळे. ट्रान्सड्यूसर पंख्यापासून दूर, तळाच्या पट्ट्या आणि खिळ्यांच्या मागे न येणाऱ्या जागी, धावतानाही पाण्यात राहील असा बसवावा. फायबरच्या होडीत तो आतून चिकटवून तळातून आवाज पाठवता येतो, पण तिथला फायबर भरीव असावा आणि चिकटवलेल्या थरात एकही बुडबुडा राहता कामा नये. लाकडी होडीत हे जमत नाही. ट्रान्सड्यूसरच्या तोंडावर शिंपले-शेवाळ धरू देऊ नये. बंदीच्या महिन्यांत होडी वर ओढलेली असते तेव्हा मऊ कापडाने ते साफ करण्याइतकं सोपं आणि फायद्याचं काम दुसरं नाही.

गेन म्हणजे यंत्राने किती मंद आवाज मोठा करून दाखवायचा ते. फार वाढवला तर पडदाभर ठिपके, फार कमी केला तर इसवण आणि माणकी नाहीशी. ठिपके उमटेपर्यंत वाढवून मग जरा मागे घ्यावा. शेजारच्या बोटीचं यंत्र त्याच कंपनांवर असेल तर तिरप्या तुटक रेघा येतात. जेट्टीजवळच्या गर्दीत त्या हमखास दिसतात आणि पुढे गेल्यावर जातात.

नव्या यंत्रांवर ‘चर्प’ असं लिहिलेलं असतं. त्यांत एकाच कंपनाचा ठोका नसतो, तर कमी कंपनापासून जास्त कंपनापर्यंत चढत जाणारा लांब ठोका असतो. परत आलेला आवाज यंत्र त्या चढत्या नमुन्याशी जुळवून पाहतं. त्यामुळे लांब ठोक्याची ताकद मिळते आणि तरीही जवळजवळचे दोन मासे वेगळे दिसतात. थव्याचा गोळा सुटून त्यात एकेक मासा दिसायला लागतो. पैसे खर्च करायचेच असतील तर मी मोठ्या पडद्याआधी यावर करेन.

थव्याभोवती गोल जाळं टाकणाऱ्या पर्ससीन बोटींवरचा सोनार मात्र वेगळा. तो आवाज खाली न टाकता चहूबाजूंना आडवा फिरवतो आणि थवा दुरून शोधतो. किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या रापणकारांच्या पिढ्यांनी तिथूनच पाण्याचा रंग, पृष्ठभागावरची खळबळ, पक्ष्यांची झडप बघून बांगड्याचा थवा ओळखला. आडवा सोनार त्याच प्रश्नाचं उत्तर रात्री आणि खोलातही देतो. समुद्राची माहिती देणाऱ्या हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सरकारी संस्थेकडून येणारी संभाव्य मासेमारी क्षेत्राची सूचना तिसऱ्याच प्रकारची: उपग्रहाने पाहिलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि पाण्यातलं हरितद्रव्य यांवरून ती काढतात. मासा उपग्रहाला दिसत नाही. ती सूचना कुठल्या भागात जावं ते सांगते, तिथे पोचल्यावर काम फिश फाइंडरचं.

नवं यंत्र बसवलं की पहिल्याच दिवशी मासळीमागे धावू नये. शांत पाण्यात नांगर टाकावा, गेन नीट लावावा आणि दोरीला शिशाची दोन वजनं मीटरभर अंतराने बांधून ती ट्रान्सड्यूसरच्या बरोबर खाली सावकाश सोडावीत. पडद्यावर दोन तिरक्या रेघा खाली उतरताना दिसतात. दोरी हाताच्या मापाने सोडलेली असल्याने पडद्यावरचा आकडा खरा की खोटा ते तिथल्या तिथे कळतं. मग वजनं वर घेऊन त्यांच्यातलं अंतर अर्ध्या मीटरवर, वितीवर, चार बोटांवर आणत जावं. ज्या अंतराला दोन रेघांची एक होते, त्याहून जवळचे दोन मासे हे यंत्र वेगळे दाखवणार नाही. शेवटी वजनं तळापर्यंत सोडावीत आणि हळूहळू वर ओढत बघावं, तळापासून किती उंचीवर ती पुन्हा दिसू लागतात. निदान तेवढी पट्टी, होडीच्या बरोबर खालीसुद्धा, त्या यंत्राला दिसत नाही. तो आकडा सुकाणूजवळ लिहून ठेवावा.